बाप आरामखुर्चीत

नगर, ११ जानेवारी १९७१

चि. रविकांत यास,

अ. उ. आ. तुझी कर्तबगारी पाहता ते देऊ नयेत असं वाटलं, पण सवय जात नाही.

तुझ्या लीनाचं पत्र आलं. दोन महिन्यांच्या पोराला पावडरचं दूध सुरू केलंस म्हणे, कारण तुमच्या चीफ इंजिनिअरांच्या सौ. डबाच देतात! कारखान्यात साखर तपासणारा केमिस्ट तू. पोराचं वजन का घटतंय ते नाही तपासावंसं वाटलं? तुझे पत्तेवाले मित्र रोज ठाण मांडतात. ती पाजायला बसली की तुमची चहाची फर्माईश. दर घोटाला उठणाऱ्या बाईनं पाजायचं कधी? मित्रांना हाकल, चहा स्वतः कर, तिला वेळेवर जेवू घाल. जितकं पाजेल तितकं दूध वाढेल.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते बाळाचं वजन कळल्यावर ठरवीन.

तुझी आक्का,
प्रेमला

कारखाना वसाहत, कोपरगाव
१६ जानेवारी

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. प्रसाद मिळाला. प्रसूतिगृहात नर्स आहेस म्हणून भावाच्या संसारात थर्मामीटर घालू नकोस. तू लग्न केलं नाहीस, मूल नाही. पाजण्यातलं तू सांगणार? आप्पांनी आपल्याला कधी उचलून तरी घेतलं होतं का? पदराआड लुडबुडणाऱ्या पुरुषाला मान राहत नाही, असं ते परवाच येऊन मला बजावून गेलेत.

आणि मी काहीच करत नाही असं नाही. रविवारी जेवण झालं की आरामखुर्चीत छातीवर घेऊन मीच त्याला झोपवतो. दोघेही छान घोरतो.

लोभ असावा, उपदेश कमी पडला तरी चालेल.

रवि

नगर, २० जानेवारी

चि. रवि,

अ. उ. आ. माझ्या पोटी मूल नाही, खरं. हाताखालून मात्र शेकड्यांनी गेली, आणि त्यांचे बापही पाहिले. पेढे वाटायला पुढे, बाळंतिणीला पाणी द्यायला कुणी नाही. तू त्यांच्यातलाच निघालास. आप्पांनी आईला किती साथ दिली, ते तिला विचारायचं राहूनच गेलं.

एक मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. बाळाला घेऊन खुर्चीत झोपायचं नाही. आमच्याकडे असं एक आणलं होतं. पुढचं लिहीत नाही. बाळ वेगळ्या, सपाट अंथरुणावर, उताणं, तुमच्या जवळ. तोंडापाशी उशी नको, गोधडी नको.

तुझी बिनलग्नाची आक्का

कोपरगाव, १४ फेब्रुवारी

ती. आक्का,

सा. न., या वेळी खरोखरचा.

तुझं पत्र २३ जानेवारीला, शनिवारी आलं. मी ते मित्रांना वाचून दाखवलं. सूर्यभान म्हणाला, बहीण आहे की फौजदार. सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी जेवून बाळाला घेतलं आणि आरामखुर्चीत झोपलो.

जाग आली ती लीनाच्या किंकाळीनं. बाळ छातीवरून घसरून माझ्या दंडाच्या आणि उशीच्या मध्ये तोंड खुपसून पडलं होतं. ओठ निळे. तिनं ओढून घेतलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. किती वेळ, सांगता येत नाही. मग ते रडलं. मी खुर्चीतच होतो. डॉक्टरांनी तपासलं, धोका नाही म्हणाले.

 

पत्ते बंद केले. सूर्यभान दारात उभा राहून बायल्या म्हणाला, म्हणू दे. चहा मी करतो, वाईट होतो. ती पाजताना तांब्या भरून जवळ ठेवतो, नंतर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढतो. वरचं दूध हळूहळू कमी केलं, सोमवारपासून बंद आहे. वजन अर्धा किलो वाढलं. सुताराकडून कठड्याचा छोटा पलंग करून घेतला. आमच्या खाटेलगत बाळ त्यात उताणं झोपतं. आप्पा आले आणि हसले. मी त्यांना म्हणालो, चहा घ्या, मत देऊ नका.

पण लीना बाळाला माझ्यापाशी एकटं सोडत नव्हती. आज न्हायला जाताना तिनं ते माझ्या हातात दिलं. बस म्हणाली नाही, म्हणून मी उभाच राहिलो. न्हाणीघराचं दार तिनं किलकिलं ठेवलं होतं.

अशीच रागावत राहा.

तुझा,
रवि