लकीचं आणि माझं एकच दुखणं

आदिलाबाद,
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप राहीताईच्या पायांशी,

धाकट्या सुधाकरचा, जेवढा काही उरला आहे तेवढ्याचा, साष्टांग नमस्कार. तुझा मोतीबिंदू निघाला का? भाऊजींचा खोकला गेला असेल, किंवा कोणाच्या हाती लागू न देता त्यांनी तो जपून ठेवला असेल. (हे फोनवर विचारलं असतं, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर चालतो आणि सुभद्रा शेजारीच बसते. म्हणून हा जुन्या चालीचा कागद.) आम्ही इकडे खुशाल आहोत, फक्त किनवटच्या लग्नापासून सुभद्रा कोणाच्या पंगतीला जात नाही. हळदीकुंकवालासुद्धा नाही. तुझ्या नातवाच्या बारशाला ती का येणार नाही असं तू विचारलंस, त्याचं हे उत्तर.

किनवटला माझी बसलेली गालफडं पाहून तू भर पंगतीत, वाढप्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "आमच्या सुदाकरले घरी खायाले देत नाई वाट्टे." तुझ्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्याआधीच आमच्या गल्लीत कुजबुज होती, कारण माझ्याबरोबर लकीही वाळत होता. (लकी म्हणजे जयदीपचा अल्सेशियन. चिरंजीव हैदराबादच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि वारसा उलटा चालून कुत्रा बापाकडे आला.) नुसता नवरा वाळला तर लोक म्हणतात नोकरीची दगदग, नुसता कुत्रा वाळला तर म्हणतात जंत, पण दोघं एकदम वाळले म्हणजे घरधनीणच चिकट, असा निकाल लागला. शेजारच्या द्वारकाबाई फाटकातून लकीला भाकरी टाकू लागल्या. माझ्याकडे त्या नुसतंच पाहत.

खरी गोष्ट अशी की चुलीवरून उतरेल ते आम्ही दोघं खात होतो. सुभद्रा भाकऱ्या थापून थकायची आणि मी हात धुता धुता पुन्हा भुकेला. त्यात तुझ्या ईशानच्या हाती तू डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवलास, साजूक तुपात बुडवून काढलेले. सुभद्रा रोज सकाळी माझ्या बशीत दोन ठेवायची, आणि ती आत गेली की त्यातला एक मी लकीला द्यायचो. डबा संपेपर्यंत पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, माझ्याही आणि लकीच्याही. एकदा पीठ मळता मळता सुभद्रा थांबली आणि म्हणाली, "माह्या हातालेच काई झालं काय हो?" ताई, फार वाईट वाटलं. मी आणखी एक भाकरी मागितली.

तू म्हणशील, डॉक्टरला का नाही दाखवलं? दाखवलं ना. साखर, छाती, थायरॉइड, सगळं ठीक. पोट कसं साफ होतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा शेजारी सुभद्रा आणि समोर जयदीपच्या वर्गातली नर्स. अशा जागी घरंदाज माणूस जे सांगतो तेच मी सांगितलं, की उत्तम. कुत्र्याच्या बाबतीत मात्र घराण्याची अब्रू आड येत नाही. जनावरांच्या दवाखान्यात तेलुगू डॉक्टरांनी हिंदीत तोच प्रश्न केला आणि मी मोकळा सुटलो. खातो भरपूर, तरी वाळतो, पोटात सारखी गुडगुड, जातो तो ढीगभर, फिकट, तेलकट, आणि वास असा की आत पेपर वाचत बसणं अशक्य. डॉक्टरांचं पेन थांबलं. सुभद्रानं वळून विचारलं, "तुमी लकीचं सांगून राह्यले का सोताचं?"

डॉक्टर हसले नाहीत, इतके ते सज्जन. त्यांनी सांगितलं, की स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी अन्न पचवणारा रस सोडते. तो रस आटला की कितीही खा, अंगी लागत नाही, तूप तर नाहीच नाही. लकीच्या जातीत हे आढळतं, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आणि आम्हा दोघांपैकी ते फक्त एकालाच तपासू शकतात. मग मी माणसांच्या डॉक्टरला खरं काय ते सांगितलं. नमुने हैदराबादला गेले, आणि जयदीपच्या हाती बापाचा आणि कुत्र्याचा असे दोन रिपोर्ट आले, एकाच अर्थाचे. (माझं बहुधा त्या जुन्या पोटदुखीच्या झटक्यांमुळे झालं.) आता मी पहिल्या घासाबरोबर त्या रसाची कॅप्सूल गिळतो आणि लकीच्या खाण्यात त्याच रसाची पावडर मिसळतो. दोघंही भरत चाललो आहोत. आम्हाला सगळ्यात जास्त बाधले ते तुझे लाडू. हे तक्रार म्हणून नव्हे, माहितीसाठी लिहिलं.

भाऊजींना नमस्कार, बाळाला पापा.

तुझा,
सुधाकर

ता. क. माफी वगैरे मागू नकोस. आपल्या घराण्यात आजवर कोणी मागितलेली नाही, उगाच नवी प्रथा नको. चार दिवस राहायला ये. सुभद्रा वाढेल ते जेव आणि दुसऱ्यांदा मागून घे. किनवटला बोललीस त्याच आवाजात माग. द्वारकाबाईंच्या बाजूची खिडकी मी उघडी ठेवीन.

ता. क. २ पाकीट चिकटवण्याआधी सुभद्रानं पत्र वाचलं. एवढ्यासाठी कोणी यायची गरज नाही म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतूनच विचारलं, वातामुळे तू वांगं सोडलंस की अजून खातेस. काय ते लगेच कळव.