टोपणावरचं गोल

दम्माम, गुरुवार संध्याकाळ

हसावं की रडावं? आठवडाभर मिरवत होतो, की वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, मी थेट शून्य निकोटिनवर आलो आणि तरी सिगारेटला हात लावला नाही. आधीच्या वीस मिलिग्रॅमनं डोकं गरगरायचं, म्हणून दुकानदाराला म्हटलं होतं, "भाई, सबसे हलका दो." त्यानं दिलेल्या वेपच्या द्रवाच्या बाटलीच्या टोपणावर पेननं काढलेलं ते गोल. शून्यच ना?

आज नीतानं बाटली हातात घेतली. बायको नर्स, दिवसभर अरबी केसपेपर बघते. म्हणाली, "अरे, हे शून्य नाही, अरबी पाच आहे!"

रोज नंबरप्लेटवर हाच आकडा मी पाच म्हणून वाचतो. पण हवं होतं शून्य, म्हणून डोळ्यांनी ते गोल मराठीत वाचलं.

चेहराच पडला माझा. तर तीच म्हणाली, "बरंच झालं. एकदम शून्यावर गेला असतास, तर पुन्हा सिगारेट पेटवली असतीस."

खरंय. पाच तर पाच. सिगारेट सुटलीय, ते तर खोटं नाही?

अरबीत शून्य म्हणजे नुसता ठिपका. तिथवरही पोचेन. या वेळी चष्मा लावून.