चार पूर्णांक शून्य

१ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

पोचलास का, जेवलास का, हे विचारायचा अधिकार मोठ्या बहिणीचा, म्हणून आधी तेच विचारते. तुझा मफलर इथे खुंटीवरच राहिलाय. तिथल्या वाऱ्यात नाकाचा टोमॅटो होईल तेव्हा माझी आठवण काढ. पुढच्या जीपने पाठवते.

बंद खाणीवर राखणीला बसायचं म्हणजे शिक्षाच आहे, असं तू जाताना म्हणालास. चार महिन्यांचा प्रश्न आहे. खाली सात ठिकाणी माइक आहेत. जमीन हलली की आवाज होतो आणि तो फाइलमध्ये नोंदला जातो. शांतता असली की काहीच लिहिलं जात नाही. म्हणजे फाइल वाढली नाही तर डोंगर झोपलेला आहे, असं समज.

पडद्यावर जो '४.० जी' दिसतो, तो माझ्या हातचा. आत यंत्र दहा-दहा आकडी संख्या मोजतं, ती आमच्या साहेबांना वाचवत नाही. म्हणून सी भाषेत मी एक छोटं फंक्शन लिहिलंय. ते त्या संख्येला एक हजार चोवीसने भागत राहतं, उरलेला आकडा तेवढ्याच्या खाली आला की थांबतं, आणि किती वेळा भागलं ते पाहून के, एम किंवा जी हे अक्षर लावतं. दशांशानंतर एकच आकडा ठेवते, पुढचं सगळं छाटून टाकते. पडदा कसा नीटनेटका दिसतो! तू फक्त एवढंच बघायचंस: ४.० चा ४.१ झाला की सामान तिथेच टाकून संकटापुरत्या ठेवलेल्या वायरलेसवरून जीप बोलवायची.

आईच्या डोळ्यांवरचा पडदा वाढलाय, ऑपरेशन तिने पुन्हा पुढे ढकललं. शेजारच्या शिंपीणबाई पत्र वाचून दाखवतात. तू पत्ता विसरशील हे ठाऊक असल्याने आईचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत जोडलंय. माया आहेच, ती पत्रागणिक वाढती ठेव.

तुझी,
ताई

११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ८ तारखेला मिळालं आणि त्याच दिवशी गेलंही! इथे बोलायला कोणी नाही, म्हणून जेवण झाल्यावर खाणीच्या तोंडाशी कठड्यावर बसून मोठ्याने वाचलं. टोमॅटोपाशी एकटाच हसलो. शेवटची ओळ संपते न संपते तोच वारा आला आणि पत्र, पाकीट, सगळं खाली. खोल विहिरीत चिठ्ठी टाकावी तसं गेलं. बराच वेळ पांढरं दिसत होतं.

तेव्हा आईचा पत्ता पुन्हा पाठव, आणि हसू नकोस.

खोली बरी आहे. एक खाट, एक स्टोव्ह, यंत्राचं कपाट आणि डिझेलचे पिंप. जीपवाला दर आठवड्याला डिझेल आणि टपाल टाकून जातो, चहालाही थांबत नाही. ही जागा कानाला बरी वाटत नाही म्हणतो. मला तर काहीच ऐकू येत नाही. तुझा ४.० अगदी शहाण्यासारखा बसून आहे. असाच जीव लावत राहा.

तुझा,
धाकटा

३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मफलर मिळाला, रोज घालतो. आता रागावणार नसशील तर पुढचं लिहितो. वेळ जाईना म्हणून तुझ्या प्रोग्रॅमला हात लावला. भागाकाराच्या ओळी बाजूला काढल्या आणि आतली मूळ संख्या जशीच्या तशी पडद्यावर आणली. तूच शिकवलेलं सी कामी आलं म्हण!

ताई, डोंगर झोपलेला नाहीये. दहा दिवस झाले, वहीत लिहून ठेवतोय. फाइल रोज वाढते, रोज अकरा लाख बावन्न हजार बाइटने. एकानेही कमी नाही, एकानेही जास्त नाही. वाढते तीही रोज दुपारी माझं जेवण आटोपल्यावर. तुझ्या फंक्शनमधून गेली की मात्र पुन्हा ४.० च.

तुझ्या प्रोग्रॅममध्ये काही गडबड असेल तर लगेच कळव. गडबडच असावी असं मनापासून वाटतंय. कपाटाकडे पाठ करून बसवत नाही हल्ली.

तुझा,
धाकटा

५ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

प्रोग्रॅम तीन वेळा तपासला. इथल्या यंत्रावर कोरी शांतता देऊन दोन दिवस चालवला. एक बाइटही वाढला नाही. गडबड प्रोग्रॅममध्ये नाही, माझ्यात आहे. एका दशांशावर छाटलं, त्यामुळे ४.० आणि ४.१ यांच्यामध्ये दहा कोटींहून जास्त बाइट मावतात, आणि तेवढं सगळं होईपर्यंत पडदा तुला सगळं ठीक आहे असंच सांगत राहणार. साहेबांना लांब आकडे आवडत नाहीत म्हणून मी हे केलं. लाज वाटते, राजा.

आणखी एक. आपले माइक सेकंदाला आठ हजार बाइट लिहितात. तुझा रोजचा आकडा म्हणजे दोन मिनिटं चोवीस सेकंद. जमीन सरकते तेव्हा ती घड्याळ लावून सरकत नाही. हे काय आहे मला कळत नाही, आणि मला न कळणाऱ्या गोष्टीशेजारी तू राहावंस हे मला नको आहे. पुढच्या जीपने निघ. नोकरीचं मी बघते. तुझ्यावरची माया आता काळजीच झालीये, ती दूर कर.

तुझी,
ताई

१३ डिसेंबर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

अग, ऐकलंस का, धाकटा घरी आला! परवा दुपारी दार वाजलं आणि त्याने आई म्हणून हाक मारली. तीन महिन्यांनी तो आवाज ऐकला, मला रडूच फुटलं. सामान काहीच आणलं नाही. टाकून आलो म्हणाला. शिंपीणबाईंना आता पत्रासाठी त्रास द्यायला नको, मी सांगते आणि तो लिहितो. हे पत्रही त्याच्याच हातचं.

इतका माझ्याजवळ तो कधी बसला नव्हता ग. पूर्वी पाच मिनिटं टिकत नसे. आता दिवसभर पायाशी बसून असतो. हात मात्र गार, कितीही चोळले तरी गारच, आणि अंगाला ओल्या मातीचा वास येतो. अंघोळ करून आलो म्हणतो तरी येतो. माझ्यासमोर जेवत नाही, नंतर जेवेन म्हणतो. दुबळा झाला असेल, दुसरं काय.

दुपारी तुझं ते जुनं पत्र वाचून दाखवतो. रोज तेच. टोमॅटोपाशी हसतो आणि मीही हसते. दुसरं काही वाच म्हटलं, तर हे एकच नीट येतं म्हणाला. तू लांबलचक पत्रं पाठव, त्याला आणखी हवीत असं म्हणतोय. आणि ताई कधी येणार म्हणून रोज विचारतो. तो आता परत जाणार नाही, इथेच राहणार आहे. मला आणखी काय पाहिजे? तूही ये. लोभ तर आहेच, आता तो पुरवायला माणसंही घरात आहेत.

तुझी,
आई

१४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच्या जीपने मिळालं. निघ म्हणालीस, पण आता निघायचं कारणच उरलं नाही! आकडा थांबलाय. ७ तारखेनंतर एक बाइट वाढलेला नाही. सात दिवस खाली ठार शांतता आहे. महिना संपवून, पूर्ण पगार घेऊनच येतो.

तू दोन मिनिटं चोवीस सेकंद लिहिलंस म्हणून आज धीर करून फाइल ऐकली. ९ सप्टेंबरपासूनचे नव्वद तुकडे आहेत. पहिल्या आठवड्यात नुसती गुणगुण, दारामागे कोणी पुटपुटतंय तशी. मग सूर लागतो. मग शब्द, आधी मोडके, मग सरळ. ऑक्टोबर संपताना ओळखलं, तुझं पहिलं पत्र आहे ते. खाली पडलेलं. वाचणारा आवाज माझा आहे, ताई. टोमॅटोपाशी मी हसलो होतो तसं हसतोही. शेवटच्या महिन्यात माझ्यात आणि त्याच्यात मलाच फरक कळेना.

शेवटचा तुकडा सगळ्यात वरच्या माइकवर आहे, आणि त्यात पत्राच्या शेवटी पाकिटावरचा आईचा पत्ता आहे.

काय असेल ते असो, आता गेलंय. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. तुझा जीव उगाच टांगणीला लावला, त्याची माफी दे आणि माया तेवढी ठेव.

तुझा,
धाकटा

१९ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, तू खुशीत आहेस हे वाचून बरं वाटलं. मी २१ तारखेला दुपारी पोचते. सोबत एक जण आहे, कोण ते आल्यावर कळेल. ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे आणि या वेळी तुझं काही ऐकणार नाही. तोवर पायरीवर जपून.

इथून पुढचं तिला वाचून दाखवू नकोस. हे तुझ्यासाठी, वाचणाऱ्यासाठी आहे.

आईचं पत्र उघडलं आणि मी खुर्चीत बसलेली उभी राहिले. ते माझ्या अक्षरात आहे. माझा ळ, माझी तिरकी वेलांटी, ओळ संपताना शाई पुसायची माझी खोडसुद्धा. धाकट्याचं अक्षर मी लहानपणापासून बघतेय, ते असं नाही. तुझ्यापाशी माझं एकच पत्र आहे आणि तू तेवढंच शिकलास.

साहेबांच्या हातापाया पडून ऑफिसच्या वायरलेसवरून खाणीवर बोलले. धाकट्याचा आवाज आला, पण आता आवाजावर भरवसा उरला नव्हता. फाइलची मूळ संख्या विचारली. त्याने पडद्यावरून एकेक आकडा वाचला: चार, तीन, नऊ, नऊ, आठ, आठ, चार, पाच, एक, तीन. त्याच्या वहीतला पहिला आकडाही वाचायला लावून वजाबाकी केली, रोजच्या वाढीशी बरोबर जुळली. चार पूर्णांक शून्य तूही सांगितलं असतंस, ते पत्रात होतं. धाकटा तिथे आहे. त्याला मी जीपने बोलावून घेतलंय, आम्ही दोघं येतोय.

दोन वेगळ्या संख्या माझ्या फंक्शनमधून गेल्या की सारख्याच दिसतात, आणि मग त्यांतून मूळची कुठली ते परत काढता येत नाही. आईच्या डोळ्यांना तर तेवढंही दिसत नाही. तीन महिने तू शिकत होतास आणि मी ते छाटून नीटनेटकं करत होते. तुला वाट मी करून दिली, हे मला मेल्यावरही विसरता येणार नाही.

मला तुझी भीती वाटते. खोटं कशाला लिहू? पण तिला सुखात ठेवलंस हेही खरं आहे, आणि तेच जास्त छळतंय. आम्ही दोघं जिवंत असून तिच्या पायाशी दिवसभर बसलो नाही. तिला काही इजा करू नकोस एवढीच विनवणी आहे. तिला तू हवा आहेस, हे मला कळतं. पण तिचा मुलगा वाटेत आहे.

कडी वाजली की तू उठू नकोस, तिला उठू दे. भिंत धरून दारापर्यंत यायला तिला वेळ लागतो. तेवढ्यात मागच्या दाराने निघून जा. आम्ही बाहेर थांबू, दार ढकलणार नाही. आणि जाताना तिचा निरोप घेऊ नकोस, त्याच्या आवाजात तर मुळीच नको.

धाकट्याची,
ताई