हँडबॉलचा निर्णय कायम ठेवून केलेली वाटणी

आधी घडलेला प्रकार, घडला त्या क्रमाने:

१. रविवार, १२ ऑक्टोबर २०२५ रोजी जुईनगरच्या मैदानावर आमचा खाडीवीर फुटबॉल क्लब, सानपाडा आणि संघर्ष मंडळ, कामोठे यांच्यात अंतिम सामना झाला.

२. सामन्याआधी मिथुन मढवी याने रिवाजाप्रमाणे गोलच्या खांबापाशी नारळ वाढवला. नाणेफेक त्यानंतर झाली. आम्ही ती हरलो आणि नारळाचा गोल कामोठ्याच्या वाट्याला गेला.

३. उत्तरार्धात आमचा बचावपटू दिपेश मढवी, म्हणजे मिथुनचा धाकटा भाऊ, याच्या हाताला चेंडू लागला. पंचांनी पेनल्टी दिली. सामन्यात तेवढा एकच गोल झाला.

४. सामन्यानंतर वडापावच्या गाडीजवळ वाद झाला. मी व्हिडिओ दाखवला.

५. तेव्हापासून मिथुन माझ्याशी बोलत नाही आणि दिपेश मैदानावर येत नाही.

६. शुक्रवार, १४ नोव्हेंबर रोजी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. कलम ५ आणि कलम ६ यांचा परस्परसंबंध नाही.

आता मृत्युपत्र.

मी, निशिगंधा मधुकर सुर्वे, वय ३१, धंदा नोकरी, राहणार सानपाडा, नवी मुंबई, हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, कुणी मला धमकावलेले नाही, कुणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गेली सात वर्षे मी खाडीवीरची समर्थक आहे, ही बाब दाखल्याच्या विरोधातला पुरावा म्हणून धरू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पहिलेच आहे, त्यामुळे चुका असतील; मात्र तारखा तपासल्या आहेत.

शस्त्रक्रियेविषयी एवढेच सांगते. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. ते आता सापडले. मी कारखान्यांचे दाबमापक तपासते. कुठल्या मापकाचा काटा किती चुकतो हे शोधून त्यावर तशी चिठ्ठी चिकटवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. स्वतःच्या छातीतली गळती मला एकतीस वर्षे कळली नाही. हे कामावर कुणाला सांगू नये. डॉक्टर म्हणतात, धोका कमी आहे. कमी म्हणजे किती, हे मी विचारले आणि त्यांनी सांगितले. आकडा मला चांगला वाटला, तरीही मी वकिलांकडे गेले. माझा स्वभाव असा आहे.

घर. सानपाड्याचा फ्लॅट, त्यातले सामान, बँकेतली शिल्लक, भविष्य निर्वाह निधी आणि विम्याची रक्कम हे सर्व माझी आई सुमेधा मधुकर सुर्वे हिला मिळावे. आईने फ्लॅट विकू नये असे मी म्हणणार नाही. विकायचा झाल्यास बाल्कनीतून मैदान दिसते हे गिऱ्हाइकाला सांगू नये. दिसत नाही. ते मी बाबांना खोटेच सांगितले होते, म्हणजे त्यांनी हाच फ्लॅट पसंत करावा.

अवजारे. कामाची मापनयंत्रे कंपनीची आहेत, ती परत जातील. माझे स्वतःचे म्हणावे असे जाडी मोजायचे एक व्हर्नियर कॅलिपर आहे. ते कुणालाही देऊ नये. ते आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवावे. ती त्याने सुया बाहेर काढते आणि ते काम ते अचूक करते.

मैदानावरची मालमत्ता. घडीची खुर्ची पंढरीकाकांना द्यावी. पंढरीकाका क्लब स्थापन करणाऱ्यांपैकी एक. ते उभे राहूनच सामना पाहतात आणि खुर्चीवर बसणाऱ्यांना समर्थक मानत नाहीत. तरीही द्यावी. त्यांचे गुडघे मी पाहिले आहेत. घेताना ते म्हणतील, "मना कंची खुर्ची? मी काय पाव्हना हाय?" त्यावर काही बोलू नये, खुर्ची उघडून ठेवावी आणि आपण पुढे जावे.

चौथ्या खांबापाशी कुंपणाची जाळी थोडी वाकलेली आहे. तिथे माझा मोबाइल अडकवायची तिकाटणी बसते. ही जागा माझी असल्याचे सर्वांनी सात वर्षे मान्य केले आहे. जागा कायद्याने माझी नाही, महापालिकेची आहे. तरी ती मी देत आहे. कुणाला ते पुढे येईल.

भोंगा आमच्यातल्या सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या बाबासोला द्यावा. त्याला तो कधीच मिळू नये असे माझे मत होते. आता मला ऐकू येणार नसल्याने हरकत मागे घेते.

पंच. अंतिम सामन्याच्या पंचांना चष्मा भेट द्यावा, असा ठराव वडापावच्या गाडीवर एकमताने मंजूर झाला होता. मी तो फेटाळते. पंचांना नीट दिसले होते.

इथे थांबून त्या संध्याकाळचे सांगायला हवे, नाहीतर पुढची कलमे कळणार नाहीत.

आम्ही का हरलो, यावर तीन मते होती. बाबासोचे मत, पंच विकला गेला. पंढरीकाकांचे मत, नारळ चुकला. आमच्यात नारळ आपण राखायच्या गोलपाशी वाढवतात, म्हणजे तो गोल राखला जातो. मिथुनने घाईत नाणेफेकीआधीच वाढवला आणि तो गोल मिळाला कामोठ्याला. पूर्वार्धात आमचे दोन फटके त्याच गोलच्या खांबाला लागून परत आले. मी निदर्शनास आणून दिले, की उत्तरार्धात बाजू बदलल्या, नारळाचा गोल आमच्याकडे आला, आणि पेनल्टी नेमकी तिथेच गेली. सबब नारळाचा सिद्धांत टिकत नाही. पंढरीकाका म्हणाले, "नारल एकदा दिला का दिला. हाफटायमाला परत मागतान काय गो?" हा मुद्दा मी नोंदवून घेतला.

तिसरे मत मिथुनचे. "खांद्याला लागला. हँडबॉल नव्हताच. निशी, काढ तुझा व्हिडिओ, दाखव यांना."

आजूबाजूला कामोठ्याचे समर्थक वडे खात उभे होते. मी व्हिडिओ काढला, तो क्षण मंद गतीने तीनदा दाखवला आणि म्हटले, "कोपराच्या खाली. हात अंगापासून लांब. निर्णय बरोबर आहे."

कामोठ्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तो भाग माझ्याच मोबाइलवरून स्वतःकडे पाठवून घेतला. मी पाठवू दिला. मला वाटले, माहिती सर्वांना सारखी मिळावी. दिपेश मागे पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

मिथुन म्हणाला, "तू आपली हाय का त्यांची?"

मी म्हणाले, "मी मोजमापाच्या बाजूची आहे."

एवढी वर्षे मराठी बोलते आहे. त्या क्षणी सुचलेले वाक्य हे होते. ते माझ्या फोटोखाली छापू नये.

त्या आठवड्यात मिथुनच्या आई, पुतळाकाकू, मला बाजारात भेटल्या. आम्ही सानपाड्यात नवीन आलो तेव्हा त्यांच्याच चाळीत भाड्याने राहायचो, त्यामुळे त्यांना मला बोलायचा अधिकार आहे. त्या म्हणाल्या, "तुजा व्हिडिओ खोटा नाय, मना म्हाईत हाय. पन तू मानूस हाय का मशीन गो? पोर रातचा जेवला नाय." मग पिशवीत बळेच बोंबील घातले. मशीनला कुणी बोंबील देत नाही, एवढा दिलासा मी घेतला.

नंतर मला एक गोष्ट लक्षात आली. नारळ चुकला असेल तर दोष मिथुनचा. हँडबॉल असेल तर दोष त्याच्या भावाचा. पंच चुकला असेल तरच मढवींच्या घरात सगळे जेवू शकतात. मिथुन नियमांवर भांडत नव्हता. हे समजायला मला मंद गतीनेही बराच वेळ लागला.

सबब पुढील कलमे.

दिपेश मढवी याला माझा मोबाइल, तिकाटणी आणि पूर्ण हंगामाचे सर्व व्हिडिओ द्यावेत. ज्यात त्याच्या हाताला चेंडू लागला तो भाग काढून टाकू नये. त्याच साठ्यात उपांत्य सामना आहे. शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक पुढे गेलेला असताना दिपेशने पाठीवर पडत रेषेवरून चेंडू बाहेर काढला. तो निघाला नसता तर आम्ही अंतिम सामन्यात गेलोच नसतो आणि हा वादही झाला नसता. तो व्हिडिओ माझ्याकडे कुणी मागितला नाही, म्हणून मी दाखवला नाही. मोजमापाच्या बाजूच्या बाईने दोन्ही दाखवायला हवे होते. दिपेशने हा भाग घरच्यांबरोबर बसून, पूर्ण गतीने पाहावा. मंद गतीची गरज नाही, स्पष्ट दिसतो.

कुंपणाची जागा मिथुन मढवी याला द्यावी. तिथून पेनल्टी क्षेत्र सर्वांत नीट दिसते. हा टोमणा नाही. थोडा आहे.

नारळ वाढवायचे काम मिथुनकडेच राहावे. त्याने ते सोडल्याचे ऐकले. त्याने सोडू नये. यापुढे पद्धत अशी असावी: आधी नाणेफेक, मग बाजू ठरल्याची खात्री, मग नारळ. नारळाने काही होते असे माझे म्हणणे नाही. पण करायचेच तर योग्य खांबापाशी करावे.

माझ्यासाठी मैदानावर एक मिनिट शांतता पाळू नये. हे लोक सलग मिनिटभर गप्प राहिल्याचे माझ्या कुठल्याच व्हिडिओत नाही, आणि कामोठ्याच्या लोकांसमोर फजिती नको. माझ्या नावाने चषक ठेवू नये. ठेवलाच, तर तो पेनल्टीवर ठरू नये.

या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर, म्हणजे अंमलबजावणी करणारा, म्हणून मी मिथुन मढवी याला नेमत आहे. वकिलांनी विचारले, ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला का? कारण आई कागदपत्रांत गोंधळते आणि तिला कचेऱ्यांतून हाताला धरून नेणारा माणूस हवा. बाबा गेले तेव्हा तो कुणी न सांगता आला होता आणि तेराव्यापर्यंत आमच्या दारातल्या चपला लावत होता. त्याने नकार दिल्यास आईला एकटीने जावे लागेल. दुसरे नाव मी लिहिलेले नाही. शोधले, सापडले नाही.

या मृत्युपत्रावर मी ते वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांना यातले काहीही मिळत नाही. रणजीत यांना तसेही काही द्यायचे नव्हते. ते माझे सहकारी असले तरी कामोठ्याचे समर्थक आहेत आणि सही करताना हसत होते.

ठिकाण: सानपाडा, नवी मुंबई
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सही: निशिगंधा मधुकर सुर्वे

साक्षीदार:
१. रणजीत विलास घोरपडे, राहणार कामोठे
२. पायल सतीश नाईक, राहणार सानपाडा (शेजारी, फुटबॉल पाहत नाही, हे तिने आवर्जून लिहायला सांगितले)

प्रत: मिथुन मढवी, सानपाडा गाव

मिथुन, ही प्रत पायल तुझ्या हातात देईल. शस्त्रक्रियेचे आपल्या क्लबात कुणाला माहीत नव्हते, आता तुला आहे. गुरुवारी सकाळी मला दाखल व्हायचे आहे. एक्झिक्युटर होणार की नाही, ते बुधवार, १२ नोव्हेंबर, संध्याकाळी सहापर्यंत कळव. हो किंवा नाही, एवढे पुरे. हँडबॉल होता. तरीही कळव.