कोड बरोबर होता, आये

आये, मोबाइलवर येणारा तो सहा आकड्यांचा कोड तुला कधी जमलाच नाही, असं मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलो. हसून सांगायचो. आज कळलं, तू तो दर वेळी बरोबर टाकला होतास.

पेणच्या डॉक्टरकडं नंबर लावायला तू वडखळवरून पहाटेची पहिली एसटी धरायचीस. अर्धं आयुष्य मिठागरात उभं राहून गुडघे गेलेले, आणि वर दवाखान्याच्या पायरीवर दोन-दोन तास बसायचं. म्हणून तर त्या दवाखान्याचं ॲप करायचं काम रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या आमच्या ऑफिसात आलं, तेव्हा मी ते मागून घेतलं. घरबसल्या नंबर लागणार. भलत्याच कुणी दुसऱ्याच्या नावावर नंबर लावू नये म्हणून आधी मेसेजनं कोड येणार, तो टाकला की आत. तो कोड तपासायचा भाग मीच लिहिला. तुला नवा फोन आणला, इंग्रजी जमत नाय म्हणून त्यात मराठी कीबोर्ड घातला, आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मग एका रविवारी मी घरी आलोय. तू चुलीपाशी भाकरी थापतेयस. म्हणतेस, "तुजा ॲप मला आत घेत नाय रं. चुकीचा कोड हाय म्हनतोय." मी खिशातून माझा फोन काढतो, माझ्या नंबरवर कोड मागवतो, टाकतो, उघडतं. "हे बघ, चालतंय की. साधे सहा आकडे नीट टाकता येत नाहीत तुला?" तू पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडं बघतेस. "व्हय, माजंच चुकत असंल," म्हणतेस आणि भाकरी उलटतेस. तुझा फोन तिथंच तांदळाच्या डब्याला टेकून होता. मी तो हातातसुद्धा घेतला नाही. दोन मिनिटांचं काम होतं गो.

त्यानंतर तू विषय काढला नाहीस. मी फोनवर विचारलं की "लागतो नंबर, लागतो" म्हणायचीस. तू गेल्यावर शेजारची काकी म्हणाली, "तुझी आय शेवटपर्यंत पहिल्या एसटीनं जायची." म्हातारीचा हट्ट, असं म्हणून मी सोडून दिलं.

आज रोह्याच्या एका आजोबांची तक्रार आली, कोड बरोबर टाकतो तरी चुकीचा म्हणतं. ऑफिसातल्या नव्या पोरीनं तासाभरात शोधून काढलं. आजोबांचा कीबोर्ड मराठी. माझा प्रोग्राम फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, मराठी चार आला की तो आकडाच नव्हे असं समजून हाकलून देतो. बहुतेकांचे कीबोर्ड इंग्रजी, म्हणून इतकी वर्षं झाकून राहिलं. हे ऐकलं आणि तुझा कीबोर्ड आठवला. जुन्या नोंदी उघडल्या. तेव्हा मी नवशिका, लोक जे टाकतील ते सगळंच साठवून ठेवायचो. तुझा नंबर शोधला. एकोणतीस वेळा, आये. आलेला कोड आणि तू टाकलेला कोड, शेजारी-शेजारी. एकही आकडा चुकलेला नाय. इंग्रजी आकडा वाचून, मनात मराठी करून, तू एकेक नीट टिपला होतास. शेवटची नोंद तू जायच्या आदल्या आठवड्यातली. म्हणजे तेव्हाही तू बघत होतीस, लेकाचं ॲप आज तरी आत घेतंय का. मला तिथंच रडू आलं, मग तोंड धुऊन आलो.

दुरुस्तीला एक ओळ लागली. हे पत्र कुठं धाडणार, धाडायला पत्ताच नाय. पण एक तुला सांगायलाच हवं. ती पोरगी म्हणाली, "सर, हे मूळ लिहिलंय कुणी?" मी म्हणालो, "होता कुणीतरी आधीचा, सोडून गेला." ती म्हणाली, "काय माणूस. निदान घरी आईच्या फोनवर तरी एकदा करून बघायचं ना त्यानं."

मी व्हय म्हणालो.