गवत वाढायच्या आत एक रायफल

९ जून १९८६, सोमवार. सकाळ.
ती शिट्टी आज पुन्हा आठवली. एकोणीसशे एकतीस सालची. एकच, धारदार, शेवटाला जराशी थरथरलेली. मी बारा वर्षांचा, वडिलांच्या शेजारी पालथा पडलेलो, गालाखाली ताजं कापलेलं गवत. बिळाच्या तोंडाशी उभं राहून एका जाड्या ग्राउंडहॉगने, कुरणं पोखरणाऱ्या त्या मोठ्या घुशीसारख्या प्राण्याने, सगळ्या कुरणाला सावध केलं होतं. वडिलांनी ओठांवर बोट ठेवलं. मग जी शांतता पडली तशी शाळेत मिस ऑर्टलिपच्या वर्गातही कधी पडली नाही, आणि तिथे तर आम्ही बाकावर उभं राहून कविता म्हणायचो.

आज हार्लन स्टालने त्याच कुरणाची पहिली कापणी संपवली. कुंपणापाशी ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, आल्विन, यंदा बिळांनी चाळण केलीय जमिनीची. परवा ट्रॅक्टरचं चाक गेलं, उद्या गाईचा पाय जाईल. दुसऱ्या कापणीच्या आत साफ कर. जमत नसेल तर तसं सांग, विचारणारे पुष्कळ आहेत.

जमत नसेल म्हणे. माझ्या वडिलांना त्याच्या वडिलांनी नुसत्या हातावर हात देऊन हे कुरण शिकारीला दिलं. बाकीची कुरणं गेली. एकावर घरं उठली, दोन ठिकाणी ‘आत येऊ नये’च्या पाट्या लागल्या. उरलं हे एक. हे गेलं की मी म्हणजे खिडकीतला एक म्हातारा.

दुसरी कापणी जुलैअखेर. सात आठवडे. वेळच वेळ.
संकल्प: या आठवड्यात रायफल.

११ जून, बुधवार.
वडिलांची रायफल धाकट्या भावाकडे, ओहायोत. तशीही ती काडतुसाच्या काठावर ठोका मारणारी. सत्तर यार्डांपुढे नुसता आवाज. कुरण तीनशे यार्ड रुंद. मला हवी ती बारीक नळीची, पण काडतुसाच्या बुडाशी मधोमध टिकली असलेली. चपळ गोळी, सरळ मार.

डेल्बर्ट फ्रिट्झच्या हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला बंदुकांचं काउंटर आहे. डेल्बर्ट चाळिशीचा, बोलायला कमी, दात कोरत ऐकून घेणारा. त्याने चार काडतुसं ओळीने उभी केली. हॉर्नेट, ट्रिपल टू, बावीस-अडीचशे, स्विफ्ट. गांधीलमाशी, तीन दुव्वे, एक हिशेबी आकडा आणि एक पाकोळी. एकेका नावाला स्वतःची चाल. मी मोठ्याने म्हणून पाहिली. खिळे घ्यायला आलेली बाई वळून बघत होती.

डेल्बर्ट म्हणाला, ट्रिपल टू घ्या आल्विन, आणि मोकळे व्हा.
घाईत निवडलेली वस्तू आणि घाईत जुळवलेलं यमक, दोन्ही कानाला टोचतात. हे त्याला समजावलं. तासभर लागला.

१४ जून, शनिवार.
हॉर्नेट नक्की. आवाज मऊ, शेजारी तक्रार करणार नाहीत, खांद्याला धक्का नाही. डेल्बर्टला फोन केला. तो बांधून ठेवतो म्हणाला.

१६ जून, सोमवार.
हॉर्नेट रद्द. दीडशे यार्ड ठीक, फार तर पावणेदोनशे. पलीकडच्या उतारावरच्या ग्राउंडहॉगना ती काय, वाऱ्यावर आलेली माशी. बरं झालं वेळेत लक्षात आलं. व्हर्ना म्हणाली, मग अलीकडचे आधी मार. बायकोला शिकारीतलं कळत नाही. हे कुरण म्हणजे एक अखंड कविता आहे, अर्धं कडवं म्हणून खाली बसायचं नसतं.

२० जून, शुक्रवार.
बावीस-अडीचशे. साडेतीनशे यार्डांपर्यंत निश्चिंत. दुकानात हातात घेऊन पाहिली. दस्त्याचं लाकूड फार फिकं, आजारी माणसासारखं. डेल्बर्ट म्हणाला, ग्राउंडहॉग लाकूड बघत नाहीत. मी म्हटलं, मी बघतो.

बोलता बोलता कुरणाची गोष्ट निघाली. डेल्बर्ट प्रथमच दात कोरायचा थांबला. कुठल्या बाजूला जास्त? मी सांगितलं, ओढ्याकडच्या बांधाला. सकाळी की संध्याकाळी? मी म्हटलं, दव सुकलं की साडेआठला, आणि मग ऊन कलल्यावर. त्याने कॉफी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गुणी माणूस. ऐकणारा असला की माझी वाणी खुलते.

२६ जून, गुरुवार.
गवत घोट्यापर्यंत आलंय. काळजीचं कारण नाही, ग्राउंडहॉग उभे राहतात.

आधी रायफलीवर बसवायची दुर्बीण घ्यावी असं ठरवलं. रायफल काय, कुठलीही बसेल, नजर महत्त्वाची. बारा पट मोठं दाखवणारी दुर्बीण घेतली. डेल्बर्ट म्हणाला, हिला खाली रायफल लागते, आल्विन. मी म्हटलं, क्रमाने.

२८ जून, शनिवार.
पोर्चच्या कठड्यावर उशी, उशीवर दुर्बीण. सकाळी तीन तास निरीक्षण. एकूण अकरा. एक वडीलधारा, पोट सांभाळत येतो आणि चहूकडे बघूनच घास घेतो, त्याला पाद्री म्हणतो. एक आई आणि तिची चार. सुचलं:

दव सुकले, बिळातुन आली पाच चिमुकली तोंडे,
कोण म्हणे हे शत्रु आमचे? गवतामधले गोंडे.

‘पाच’मध्ये आईही धरली आहे. व्हर्नाला वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत म्हणाली, नावं ठेवलीस, कविता केलीस, आता बारसंही करून टाक. आणि मारणार कधी? मी म्हटलं, शत्रू ओळखल्याशिवाय युद्ध नाही. ती म्हणाली, ओळखलास की रे, आता लग्नाला बोलाव.

३ जुलै, गुरुवार.
स्विफ्टवर येऊन थांबलो. सगळ्यांत वेगवान. डेल्बर्ट म्हणाला, वेगापायी नळी लवकर झिजते. मी विचारलं, किती दिवसांत? तो म्हणाला, तुमच्या वेगाने गेलं तर दोनशे वर्षांत. काउंटरवर उभे असलेले दोघं हसले. दिलखुलास विनोद मला आवडतो. पण झिजणं ते झिजणं. स्विफ्ट रद्द.

डेल्बर्टला नीट समजावं म्हणून खाकी कागदावर सगळी बिळं काढून दिली. पुढचं तोंड, मागचं तोंड, वारा कुठून येतो, टेकायला चांगला दगड कुठे. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, यावरून तुमच्या जागेला काय शोभेल ते शांतपणे बघतो. किती मनापासून काम करतो हा.

९ जुलै, बुधवार.
गवत पोटरीला. फक्त पाद्रीचं डोकं दिसतं. एका अर्थी बरंच: अवघड निशाण, खरा शिकारी. आता ट्रिपल टू पुन्हा यादीत घेतली आहे. डेल्बर्ट म्हणाला होता, जुनी एक आहे, चार दिवस नेऊन बघा, पटली तर ठेवा. नको म्हटलं. उसन्या रायफलीने वडिलांच्या कुरणात जायचं म्हणजे दुसऱ्याचं पाठांतर आपल्या नावावर म्हणायचं.

१५ जुलै, मंगळवार.
हार्लन आला. गवत कापायच्या यंत्राचं पातं बिळाच्या ढिगाऱ्यात जाऊन मोडलं म्हणाला, ओढ्याकडचा तुकडा त्याने लवकर कापायला घेतला होता. टोपी डोक्यावरून काढली नाही, पोर्चची पायरी चढला नाही. विचारलं, किती मारलेस? मी दुर्बीण दाखवली. त्याने तिच्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाला, छान दिसतात. मग गेला.

माझ्या तयारीचा त्याच्यावर परिणाम झालेला दिसला.

२१ जुलै, सोमवार.
निर्णय झाला. ट्रिपल टू. ना फार मोठी, ना फार लहान. तीनशे यार्डांच्या आतच बेताने टिपायचं. चांगल्या कवितेतही काही अंतर असंच सोडलेलं असतं. दुकानात गेलो तर काउंटर बंद. त्याची बायको म्हणाली, डेल्बर्ट आठवडाभर सकाळी येत नाही, काहीतरी काम आहे. संध्याकाळी आलात तर भेटेल. संध्याकाळी व्हर्नाच्या बहिणीकडे जेवण होतं. भाजल्या खिम्याचा मीट लोफ. उद्या बघू.

२२ जुलै, मंगळवार. पावणेनऊ.
ओढ्याकडून गोळीचा आवाज. मग दहा मिनिटं शांत. मग दुसरा. आवाज कोरडा, आखूड: ट्रिपल टू, खात्रीने. निवड उत्तम आहे, हे मान्य केलं पाहिजे.

दुपारी हार्लनकडे गेलो. तो दूध काढण्याच्या खोलीत होता. हात पुसत म्हणाला, आल्विन, मी सहा आठवडे थांबलो. दुसऱ्या कोणी येऊन नीट विचारलं, मी हो म्हटलं. पुढच्या वर्षीचंही. मी विचारलं, कोण? तो म्हणाला, त्याचं नाव मी कशाला सांगू, पण माणूस अभ्यासू आहे, एकेक बीळ पाठ आहे त्याला. मी तिथला जन्मलेला, मलाही मागची तोंडं माहीत नव्हती.

मोजणी खात्यातला कोणीतरी असणार. पेन्शनर, हातात वेळच वेळ. असल्या लोकांना कुरणाचा इतिहास काय माहीत.

परतताना कुंपणाला हात लावला. मग काढून घेतला. तार गरम होती.

२४ जुलै, गुरुवार.
दुर्बिणीतून सहाच दिसले. पाद्री नाही. जेवलो नाही. व्हर्नाने ताट झाकून ठेवलं.

संकल्प: या माणसाला एक पत्र. सभ्य भाषेत. कुरण म्हणजे काय, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

२६ जुलै, शनिवार. सकाळी दहा.
पत्राची पहिली ओळ जमली. दुसरीवर अडलो असताना दार वाजलं.

आमच्याकडे कोणाच्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत गोळी झाडायची तर घरवाल्याची परवानगी लागते. कायदाच आहे. शिवाय रीत आहे: रायफल गाडीत ठेवून रिकाम्या हाती यायचं, टोपी काढायची, काहीतरी खाऊ आणायचा. सदुसष्ट वर्षांत मी कितीतरी दारांत असा उभा राहिलो. माझ्या दारात असं कोणी कधी आलं नव्हतं.

दार उघडलं. डेल्बर्ट. टोपी हातात, काखेत कणसांची पिशवी. माझ्या बुटांकडे बघत होता. आजवर आल्विन म्हणणारा आज म्हणाला, मिस्टर ट्रेक्सलर, शेवटचा एक उरलाय. कुंपण ओलांडून तुमच्या लाकडांच्या शेडखाली शिरलाय. तुम्ही हो म्हणालात तर. मग म्हणाला, मला आधीच यायला हवं होतं.

कानशिलं तापली. बोलायला सतरा वाक्यं होती, सगळी चांगली. मी म्हटलं, विचार करून सांगतो, आणि आत येऊन हे लिहायला बसलो. तो अजून पोर्चवर उभा आहे. असले निर्णय घाईत घ्यायचे नसतात. बाजू दोन्ही आहेत. अंतर, वारा, शेडची भिंत, सगळं तपासायला हवं.

व्हर्ना दारातून म्हणतेय, तुझं सुचेल तेव्हा सुचेल, निदान त्याच्या काखेतली कणसं तरी घे.