संक्रांतीच्या फोटोनंतरची व्यवस्था

मी, नीलिमा चंद्रशेखर टिपणीस, निवृत्त बँक अधिकारी, राहणार सेरंगून, सिंगापूर, राजीखुशीने लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण चिरंजीव रुचिर यांना त्याबद्दल शंका आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द.

१. राहता फ्लॅट रुचिरला द्यायचे ठरले होते. आता तो विकून सारी रक्कम, जीव मुठीत धरून बसलेल्या अफगाण बायकांना दुसऱ्या देशात वसवणाऱ्या आमच्या गटाला द्यावी. हे सारे पार पाडायला मैत्रीण प्रणिता हिला नेमते.

कारणही लिहिते, मागून कोणी गळा काढायला नको. काबूलच्या न्यायाधीश जरघूना हिने बायकांना मारझोड करणाऱ्यांना तुरुंगात धाडले होते. सत्ता पालटली, ते सुटले आणि हिला शोधू लागले. आम्ही धडपडून तिला कॅनडाचा व्हिसा मिळवला. निघायला थोडे दिवस उरले असताना, गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, ती आम्हा बायकांशी व्हिडिओवर बोलली. सूनबाई श्रियाने स्क्रीनचा फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला : "आमच्या आईंची जज जरघूना! सध्या बहिणीकडे लपलीये, बिच्चारी!"

तो फिरत फिरत कुठे गेला, देव जाणे. बहिणीच्या दारात माणसे आली तेव्हा त्यांच्या हातात तोच फोटो होता. कोपऱ्यात माझी तिळगुळाची वाटी. मेव्हण्याला उचलून नेले. जरघूना मागच्या दाराने निसटली म्हणतात. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे.

२. श्रियाला चांदीचे पंचपाळे आणि ती वाटी. "आई, मी कौतुकानंच टाकला हो!" आग लागो त्या कौतुकाला.

३. रुचिर म्हणाला, "तुला कोणी सांगितल्या होत्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला?" भाकऱ्या मी भाजल्या, हात तिचे पोळले. त्याला वडिलांचे घड्याळ पुरे.

४. नात गार्गी इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आजी, डिलीट केला ना, ओके लाह." पोर लहान आहे. माझे दागिने तिला, सज्ञान झाल्यावर. तोवर आईच्या हाती पडू नयेत.

५. माझ्या दहनाचे फोटो काढू नयेत. ग्रुपवर हात जोडलेली चित्रे तर मुळीच नकोत.

६. माझा फोन प्रणिताने चालू ठेवावा. वाजला तर उचलावा. जरघूना असेल तर एवढेच विचारावे, कुठे न्यायला येऊ. व्हिडिओ लावू नये.

वरील मजकूर वाचून, दोन साक्षीदारांदेखत सही केली. दोघेही आमच्या घरातले नाहीत आणि त्या ग्रुपवरही नाहीत.

नीलिमा चं. टिपणीस

साक्षीदार : मुकुल राजाध्यक्ष, हौगांग
राधिका चिटणीस, वुडलँड्स

सिंगापूर, मकरसंक्रांत, १५ जानेवारी २०२४